सत्तावीस डावांचे अकरा टक्के

शैला देवस्थळी बॉनमध्ये लोकांचे कान तपासते. नदीपलीकडच्या बॉयल भागात, ट्राम थांब्यासमोर, श्रवणयंत्रांचं छोटं दुकान आहे; तिथे ती सोळा वर्षं नोकरीला आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांची क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाच्या रजेची चिठ्ठी, हातात ठेवली, तेव्हा तिला पहिल्यांदाच कळलं की रिकामं बसणं आपल्याला येत नाही.

पोकरचं खूळ तिच्या डोक्यात घातलं लेमके यांनी. ते तिचे जुने ग्राहक, निवृत्त ट्रामचालक, वय एकोणऐंशी. तिची चौकशी करायला त्यांनी फोन केला आणि सांगितलं, "फ्राउ देवस्थळी, आमच्या फेराइनमध्ये, पोकरच्या क्लबात, या. घरबसल्या, कॉम्प्युटरवर. पैशांचा संबंध नाही, फक्त गुण."

"तुम्ही ऑनलाइन का खेळता? प्रत्यक्ष टेबलावर का नाही?"

"तिथे आठ जण एकदम बोलतात. तुमची यंत्रं कितीही चांगली असली तरी मला अर्धं ऐकू येत नाही. पडद्यावर सगळेच गप्प. तिथे मी इतरांइतकाच."

शैला सांगलीची. लहानपणी सुट्टीत रमी आणि बदाम सात खेळलेली. पत्त्यांची भीती नव्हती. पण पोकरमध्ये ती सलग तीन आठवडे हरली. दोन पत्ते हातात आले की तिला प्रत्येक वेळी वाटायचं, बघू या तरी पुढे काय होतं. तिचा नवरा कुमार मागून चहा घेऊन जाता-येता म्हणायचा, "तू खेळतेयस की पाहुण्यांना जेवायला वाढतेयस? कुणालाच नाही म्हणत नाहीस."

मुलगी स्पृहा आखेनला डेटा सायन्स शिकते. शनिवार-रविवार घरी आली तेव्हा तिने आईचा खेळ दहा मिनिटं पाहिला आणि जर्मनमध्येच म्हणाली, "आई, ओने डाटेन श्पील्स्ट डू ब्लिंट." डेटाशिवाय तू आंधळी खेळतेस. फेराइनच्या टेबलावरचा प्रत्येक डाव एका फाइलमध्ये साठत होता. स्पृहाने ती फाइल वाचणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. फेराइनच्या नियमांत ते चालत होतं. आता प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी आकडे दिसायला लागले. हा शंभरातले चाळीस डाव खेळतो, बाकीच्यांत पत्ते टाकून देतो; ही बाराच खेळते. शैलाला एकदम शहाणं झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी लीगचा सामना होता. शैलाच्या हातात दोन राण्या आल्या. टेबलावर उघडलेली पानं सगळी बारीकसारीक. समोर फक्त एक जण उरला होता, 'मोवे' नावाचा, आज पहिल्यांदाच तिच्या टेबलावर आलेला. त्याने आपल्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. शैलाने त्याच्या नावाशेजारी पाहिलं. अकरा टक्के. शंभरातले अकराच डाव खेळणारा माणूस सगळं पणाला लावतो, म्हणजे त्याच्याकडे एक्के किंवा राजेच असणार. तिने राण्या टाकून दिल्या. मोवेने आपले पत्ते उघडून दाखवले. एक सत्ती, एक नव्वी. बाकी काही नाही.

संध्याकाळी लेमके यांचा फोन आला. मोवे तेच होते.

"राण्या होत्या ना तुमच्याकडे?"

"होत्या. पण तुम्ही तर अकरा टक्केवाले!"

"कोण म्हणतं?"

शैलाने सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं. पलीकडून मोठ्याने हसणं ऐकू आलं. "अहो, आज सुरुवातीला माझं पार्सल आलं होतं. शेजारीणही बोलत उभी राहिली. मी खुर्चीवर नव्हतोच. माझे पत्ते आपोआप टाकले जात होते. किती डाव मोजलेत त्याने?"

शैलाने पाहिलं. सत्तावीस. त्यातले तीन खेळलेले.

मी तिची मैत्रीण; ती मला नंतर म्हणाली, "अगं, मला कसं सुचलं नाही? दुकानात एका बीपवर कुणाचा कान खराब आहे असं मी कधी म्हणत नाही. परत तपासते, माणसाला विचारते, नातवाचं बोलणं कळतं का म्हणून. आणि इथे सत्तावीस डावांवर एका माणसाचा स्वभाव ठरवून मोकळी झाले."

तिने सॉफ्टवेअर बंद केलं. लेमके यांनी तिला एकच काम सांगितलं: रोज खेळून झालं की तीन डाव वहीत लिहायचे, ज्यांत आपण असं का केलं ते आपल्यालाच सांगता येत नाही. सुरुवातीला तिची चिडचिड व्हायची, कारण असे डाव तीन नव्हे, तीस असायचे. हळूहळू ते कमी झाले. पायावर वजन टाकता यायला लागलं, दुकान सुरू झालं, तरी संध्याकाळची वही सुटली नाही. लीगमध्ये ती शेवटून दुसरी होती, ती नवव्या जागेवर आली. खेळाडू चौदा.

आणि तिथेच अडकली. दोन महिने नववीच. वहीत उत्तर सापडेना. तेव्हा तिनेच स्पृहाला व्हिडिओ कॉल केला, "ते तुझं यंत्र पुन्हा उघडू या. पण बाकी कुणाचे आकडे मला नकोत. फक्त माझे दाखव."

आता साठलेले डाव अडीच हजारांवर होते. स्पृहाने टेबलावर बसायच्या जागेनुसार आकडे लावले. जागा दर डावाला फिरते, आणि त्यातल्या एका जागेवर आलं की पत्ते बघण्याआधीच थोड्या चकत्या भराव्या लागतात. त्या जागेवरून शैला जवळजवळ प्रत्येक डाव खेळत होती, आणि बहुतेक हरत होती.

"असं कसं? मी कारणं लिहिलीयत," म्हणून तिने वही काढली. कारणं होतीच. 'समोरचा घाबरट वाटला.' 'पत्ते एकाच रंगाचे होते.' 'आज नशीब बरं होतं.' प्रत्येक कारण आपापल्या जागी पटण्यासारखं. पण खरं कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं: भरलेल्या चकत्या सोडवत नव्हत्या.

"हे मला वहीने कधीच सांगितलं नसतं," ती म्हणाली.

"आणि तू प्रत्येक वेळी काय विचार केलास, हे मला आकड्यांनी सांगितलं नसतं," कॅमेऱ्यासमोर धरलेली वही वाचत स्पृहा म्हणाली. या वेळी मराठीत. मग दोघी तासभर कॉलवरच एकेक डाव काढून बसल्या. एरवी आठवडाभरातही माय-लेकी एवढ्या बोलल्याचं कुमारला आठवत नव्हतं.

या वसंतात फेराइनमध्ये शिवांगी नावाची पीएचडी करणारी मुलगी आली. पहिल्याच दिवशी तिने व्हिडिओ कॉल करून विचारलं, "शैलाताई, नवख्या माणसाला ते ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लागतं का हो?"

"पहिले दोन महिने नको. आधी हरायला शीक आणि का हरलीस ते लिही. मग घे, पण पहिल्यांदा स्वतःवर लाव. दुसऱ्यांचे आकडे फार लवकर खरे वाटायला लागतात."

शिवांगीने मान डोलावली, आभार मानले आणि त्याच दुपारी ते बसवून घेतलं. शैलाला कळलं तेव्हा ती रागावली नाही. "मीही तेच केलं होतं," एवढंच म्हणाली, आणि तिला रविवारी जेवायला बोलावलं.