ओढायचा रंधा

साल २०२३. मी त्र्याहत्तरचा. खांदा गेला म्हणून सुतारकाम सुटलं होतं आणि परदेशात, रिचमंड हिलला मुलाकडे नुसता बसून होतो. शेजारच्या घराला माझ्याहून म्हातारा एक जपानी सुतार लाकडी पडवी बांधत होता, एकही खिळा न मारता. रंधा मात्र स्वतःकडे ओढायचा! आपल्या देशात पुढं ढकलतात, आणि तेच बरोबर. मी कुंपणावरून ओरडलो, "राँग, बाबा! पुश!"

तो हसला. खांदा चोळत म्हणाला, "पुश, शोल्डर. पुल, होल बॉडी." आणि मला पलीकडे बोलावून रंधा माझ्या हातात दिला.

मी हट्टानं आधी ढकललाच. कळ आली. मग अंग मागं झोकून ओढला. लांबच लांब पातळ पापुद्रा निघाला आणि खांदा गप्प!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हटलं, "डबा भर गं, कामावर निघालोय."