आजींच्या स्वयंपाकघरातली वाटाघाट

मला गप्प बसता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही. जेवताना चार जण एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं ऐकू येतं. त्यामुळे जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठातल्या माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे पीएचडीच्या गाईडबाईंनी, "होक्काइदोला चल, पण तिथे फक्त टिपणं घ्यायची, तोंड उघडायचं नाही," अशी अट घातली तेव्हा आई फोनवर पोट धरून हसली. "तू आणि गप्प? व्हिडिओ पाठव गं बाई," म्हणाली.

हसू दे! मी मात्र हवेत होते. मुलांच्या संगोपनाचे नियम मी इतकी वर्षं नुसते वाचत होते, आणि इथे त्यातला एक बदलून घ्यायला माणसं खरोखर कंबर कसून उभी होती. शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये मला झोप येईना. शेजारी सेन्सेई डोळे मिटून बसल्या होत्या आणि मी आपली दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारत होते.

प्रकरण असं होतं. ऐनू हे होक्काइदोचे मूळ रहिवासी. समुद्राकाठच्या एका गावातल्या ऐनू बायकांचं म्हणणं होतं की आमचं एखादं मूल घरातून हलवायची वेळ आली, तर आधी आम्हाला विचारा. आमच्यात त्याला सांभाळणारं कुणी आहे का बघा, मगच लांबच्या संस्थेत पाठवा. बालकल्याण कार्यालय मात्र रक्ताचे जवळचे नातेवाईक तेवढेच विचारात घेई. या ओढाताणीत सहा वर्षांची एक मुलगी अडकली होती. तिला वडील नव्हते, आणि आई दीर्घ आजारानं इस्पितळात होती. तान्ही होती तेव्हापासून तिला न्हाऊ-माखू घातलं ते शेजारच्या आजींनी. पण आजी रक्ताच्या नव्हेत, म्हणून पोर दूरच्या शहरात संस्थेत. एप्रिलमध्ये शाळा सुरू होणार होती. त्याआधी निकाल लागला नाही, तर ती तिथल्याच शाळेत जाणार.

"एकदा तिकडे रुळली की कोण परत पाठवतंय तिला," आजी पहिल्याच भेटीत म्हणाल्या. ठेंगण्या, ताठ, आवाज खणखणीत. माझं आणि त्यांचं तिथल्या तिथे जमलं.

जपानमध्ये बैठकीत काही ठरत नसतं. आधी एकेकाला गाठून, चहा पाजून, त्याच्या मनातलं काढून घ्यायचं. याला म्हणतात नेमावाशी. बैठकीत फक्त ठरलेलं जाहीर होतं. त्यामुळे गुरुवारी बैठक होती, तरी खरी लढाई मंगळवारी दुपारी आजींच्या स्वयंपाकघरात झाली. कार्यालयाचे काचो-सान, म्हणजे विभागप्रमुख, "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं" असं म्हणत आले. इकडून कुठे चालले होते कुणास ठाऊक, पुढे नुसता समुद्र होता!

बायका उकडलेले बटाटे कुटून त्यात बटाट्याचंच पांढरं पीठ मळत होत्या आणि जाड टिकल्या थापून तव्यावर भाजत होत्या. आजींनी साहेबांना बसायला सांगितलंच नाही. एक एप्रन दिला. बाप रे, टाय खांद्यावर टाकून तो माणूस मुकाट्याने बटाटे कुटायला लागला! मी ओट्याच्या टोकाला सेन्सेईंशेजारी टिपणं घेत उभी, हसू कसंबसं दाबत.

आजींनी काम न थांबवता आपलं म्हणणं मांडलं. आम्हाला आधी विचारा, आणि ही पोर आमच्याकडे द्या. बस्स, एवढंच. काचो-सान काही बोलले नाहीत. कुटत राहिले. एक घाणा भाजून झाला, दुसरा पडला, तरी चकार शब्द नाही.

ही शांतता मला सोसेना. आमच्याकडे समोरचा असा गप्प झाला की समजायचं, काम फिसकटलं. मग आपण चटकन मधला मार्ग काढतो, थोडं तुझं थोडं माझं. माझ्या जिभेवर आलंच होतं, "निदान शनिवार-रविवार तरी द्या." मी तोंड उघडलं, आणि आजींनी तव्यावरची गरमागरम टिकली उचलून सरळ माझ्या तोंडात कोंबली. आई गं! डोळ्यांतून पाणी आलं. बोलणार कशी?

सेन्सेई नंतर मला म्हणाल्या, "अगं, ते नाही म्हणत नव्हते. वर कुणाकुणाला कसं पटवायचं ते मनात जुळवत होते. तू अर्धं मागितलं असतंस, तर त्यांनी आनंदानं अर्धंच दिलं असतं."

शेवटी साहेबांनी मुसळ खाली ठेवलं. "आजी, तुमची तब्येत कशी असते हल्ली?"

"मी मेल्यावर पोरीचं काय, हेच ना विचारायचंय?" आजी म्हणाल्या. "मग नीट विचारा की."

साहेब कानापर्यंत लाल झाले. आणि मग तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईनं पिठाचा हात वर केला. "मी आहे." मळणारीनं केला. भांडी घासणारीनं फेसाचा हात वर केला. बघता बघता सगळं स्वयंपाकघर हात वर करून उभं राहिलं. मला रडूही येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं. साहेबांनी एकेकीकडे नीट पाहिलं, आणि एप्रन सोडत म्हणाले, "गुरुवारी कुणी हरकत घेईल असं वाटत नाही."

झालं! जिंकलो! मी सेन्सेईंना चक्क मिठी मारली. त्या बिचाऱ्या लाकडासारख्या उभ्या राहिल्या, पण हसत होत्या. गुरुवारी खरंच कुणी हरकत घेतली नाही. आधी गावातल्या बायकांना विचारायचं, ही पद्धत ठरली, आणि पहिली ही मुलगी.

ती मार्चअखेर आली. आम्ही दोघी मुद्दाम पुन्हा गेलो होतो. गाडीतून उतरली ती नवे बूट घालून, केस चापूनचोपून. आजींसमोर उभी राहिली आणि संस्थेत शिकवल्याप्रमाणे कमरेत वाकून म्हणाली, "आजपासून आपल्याकडे राहणार आहे. कृपया सांभाळून घ्यावं." परक्याच्या घरी जाताना बोलतात ना, तसं. दारातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

आजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ते राहू दे," त्या म्हणाल्या. "बूट काढ, हात धू. आम्ही जेवायला थांबलोय."

मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही बूट भिरकावले आणि आत धावली. नळ कुठे आहे, हे तिला कुणालाही विचारावं लागलं नाही.