अण्णांचा गुडघा, ठकीच्या गळ्यात

घरात कुणी आजारी पडलं की औषधाच्या बाटल्यांसोबत किस्सेही साचत जातात. बाटल्या भंगारात जातात, किस्से मात्र हिंगोलीभर फिरत राहतात. आमच्याकडे आजारी पडली ती ठकी, आमची मांजर. पण किश्शांमध्ये ती कमी आणि माझे सासरे अण्णाच जास्त!

*

ठकीची नसबंदी केली. गुरांच्या डॉक्टरांचा सगळा जन्म बैल-म्हशींत गेलेला. ऑपरेशन मात्र झकास केलं.

"टाके चाटू देऊ नका," ते म्हणाले. "उघडले तर परत भूल द्यावी लागंल. एवढुशा जिवाला ती झेपंल का, सांगता येत न्हाई."

चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर त्यांच्याकडे नव्हती. "बैलाचं मुसकं हाय. देऊ का?"

त्या मुसक्यात ठकी बाळंतपणं काढू शकली असती!

*

मग कॉलर ऑनलाइन मागवली. ती वारंगा फाट्यापर्यंत आली आणि तिथंच रमली. मोबाईल रोज सकाळी सांगायचा, "आज पोहोचेल."

ठकी काही तोवर थांबणार नव्हती. मी गादीखालून अण्णांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला, कात्रीनं कापला, चिकटपट्टी लावली आणि नरसाळ्यासारखा तिच्या गळ्यात बसवला.

अण्णा देवळातून आले आणि दारातच थबकले.

"सूनबाई, माझा गुडघा कापला का?"

"कडंकडंनं कापलाय अण्णा. वाटी शाबूत आहे!"

अण्णांनी चष्मा लावून वाटीची खात्री करून घेतली. मग चहा घेतला.

*

बातमी फुटली. गल्लीतली माणसं बिस्किटं, शहाळी घेऊन ठकीला पाहायला येऊ लागली. बायामाणसांसमोर नसबंदी कसं म्हणायचं? अण्णा सांगायचे, "अपेंडिक्स."

शेजारच्या खिल्लारे वहिनी हळहळल्या. "आमच्या जावयाचं बी तेच झालं व्हतं. भात देऊ नका, वातूळ ऱ्हातो. अन् इतक्यात मोटरसायकलवर बसू देऊ नका!"

अण्णांनी गंभीरपणे मान हलवली. त्या दिवसापासून ठकीचा दूधभात बंद झाला. मोटरसायकलचं तिनंही मनावर घेतलं असावं.

*

पण खरी तकलीफ पुढंच होती. गुडघ्याचा एक्स-रे फोटो तो केवढासा असणार! नरसाळं आखूड पडू लागलं. ठकीनं मान ताणून एक टाका सैल केलाच. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक निघाला तर परत टेबलावर घ्यावं लागंल."

अण्णांचा चेहरा उतरला. तिच्यावर भारी जीव त्यांचा! दुखरा गुडघा घेऊन ते दिवसभर तिच्यामागं फिरू लागले. मला हसू यायचं आणि मीही त्यांच्यामागं फिरायचे.

मोठ्या फोटोसाठी गल्लीभर विचारून झालं. वहिनींनी मनगटाचा आणला. समोरचे गुरुजी मोठ्या उत्साहानं आले. दाताचा घेऊन!

*

ठकीमागं ऊठबस करून अण्णांचा गुडघा टम्म सुजला. हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. तिथून निरोप आला, "जुना फोटो घेऊन या."

मी ठकीच्या गळ्याकडे हात नेला, तर अण्णा कडाडले, "काढायचा न्हाई! तेवढ्यात टाका तोडंल ती. हाय तशी घ्या!"

निघालो. अण्णा, मी आणि पिशवीत ठकी.

कंपाउंडरनं दारात अडवलं. "आजोबा, मांजर बाहेर ठेवा."

"मांजर काहून म्हणून राहिला? माझी फाईल हाय ती!"

डॉक्टरांनी ठकीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. त्यांनी फोटो पाहायचा दिवा लावला. मी ठकीला दिव्यासमोर धरलं. डॉक्टर हळूहळू तिच्याभोवती फिरत गुडघा पाहू लागले. ठकी त्यांना पाहू लागली.

"झीज तेव्हापासूनच आहे," शेवटी ते म्हणाले. "आता किती वाढली ते कळायला हवं. गुडघ्याचा नवा फोटो काढू."

अण्णांनी ठकीला मांडीवर घेतलं. तिच्या गळ्यातलं आखूड नरसाळं वितीनं मोजलं आणि अगदी अजिजीनं म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, गुडघ्याचा ऱ्हाऊ द्या. छातीचा काढा. त्यो मोठा ऱ्हातो!"