आक्काताईंच्या छतातली कडी

"कुणीतरी एकदा बघून यायला हवं," असं आमच्या संस्थेच्या बैठकीत कुणी म्हणालं, की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मला फिरायला नुसतं निमित्त लागतं, हे अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक आहे. यावेळचं निमित्त होतं कोल्हापूरजवळची एक वसाहत. नदीकाठच्या पूरग्रस्त कुटुंबांना उंच माळावर पक्की घरं बांधायला आम्ही अनुदान दिलं होतं. लोक राहायलाही गेले. आता प्रकल्प यशस्वी झाला का, ते ठरवायचं होतं. आणि यशस्वी म्हणजे नेमकं काय, यावरून आमची बैठक दोनदा भांडून उठली होती. शेवटी प्रश्नांची एक यादी माझ्या मोबाईलमध्ये येऊन पडली आणि मी भर मे महिन्यात पुण्याहून निघाले.

रस्त्याचं आधी सांगते. रुंदीकरण चालू आहे, त्यामुळे गाडी सारखी हमरस्ता सोडून शेजारच्या खडबडीत रस्त्यावर उतरते. लोक पाच तास सांगतात, तुम्ही सहा धरा, आणि पाठीचं दुखणं असेल तर सरळ रेल्वेनं जा. स्टँडवर उतरलं की शाहूपुरी जवळच. तिथं हजाराच्या आसपास साधी, स्वच्छ खोली मिळते. सकाळी मिसळ खायला गेले आणि वाढप्याला म्हणाले, "जरा तिखट कमी."

"मग दूध प्या की, पावणं," तो म्हणाला, आणि वर आणखी एक पळी कट ओतून गेला.

नाक पुसत हुपरीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत आमचंच राज्य. दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊसच. मग रस्ता चढाला लागतो, ऊस संपतो, आणि उघड्या माळावर घरांच्या ओळी दिसतात. मला वाटलं होतं, एका मापाची, एका रंगाची खोकी असतील. पण कुणी पोपटी रंग दिलेला, कुणी दारात जाईचा वेल चढवलेला, कुणी भिंतीला लागून म्हशीचा गोठा केलेला. मी रस्त्यातच उभी राहिले. आमच्या बैठकीतल्या नकाशावर यातलं काहीच नव्हतं.

पहिलंच घर आक्काताईंचं. पन्नाशीच्या, दुधाचा धंदा करणाऱ्या, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी दचकावी. "या की, बसा!" म्हणाल्या. मी मोबाईल काढून विचारलं, आधीच्या घरापेक्षा इथं काय बरं वाटतं?

"तिकडं पावसाळ्यात दुसरा धंदाच नव्हता बगा. उठलं की नदी बघायची. भाकरी थापता थापता नदी बघायची. पाणी कुठवर आलंय त्यावर चूल पेटवायची का न्हाय ते ठरायचं." मग एकदम पदरानं तोंड पुसलं. "पर म्याडम, तुमी जरा दमानं घ्या. माझं ध्यान जाग्यावर न्हाय. आज आमची परीक्षा हाय."

परीक्षा घ्यायला मी नाही, विहीणबाई येणार होत्या. आक्काताईंची एकुलती एक लेक राजश्री गारगोटीला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरणार ऐन श्रावणात. आणि सासूचा हट्ट, की पुराच्या माणसांकडं सून लावून देणार नाही.

"पयलं बाळंतपण म्हायेरात व्हतंय की वो," आक्काताई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आईनं करायचं न्हाय तर कुणी?"

एवढ्यात विहीणबाई आल्याच. धिप्पाड बाई, काठापदराचं लुगडं, पायांत करकरणाऱ्या चपला. आक्काताई चहा ठेवायला वळल्या तशा म्हणाल्या, "चहा राहू द्या. आधी पाण्याचं बोला." मग माझ्याकडं मोहरा वळवला. "तुमी सरकारी काय?"

"नाही."

"मग बरं. चला, तुमी बी बघा."

मी मागोमाग जिना चढले. गच्चीवरून लांब खाली नदीची रेघ दिसत होती. मागचा पूर कुठवर आला होता, असं त्यांनी आक्काताईंना विचारलंच नाही. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळवणाऱ्या म्हातारीला विचारलं. म्हातारीनं पार खालच्या बाभळीकडं बोट केलं. विहीणबाईंनी बाभळीपासून घरापर्यंतचा चढ नजरेनं मोजला. मग खाली उतरल्या. न्हाणीत पाणी ओतून निचरा बघितला, खिडकी लावून वारा कुठून येतो ते बघितलं. काय सांगू, माझ्या यादीतले सगळे प्रश्न त्यांनी न वाचता उरकले! शेवटी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत उभ्या राहून त्यांनी वर मान केली.

"आणि पाळणा? स्लॅबच्या घरात पाळणा बांधाय कडी कुठनं येणार?"

आमच्या नकाशात पंख्याचा हुक होता, बाकी काही नव्हतं. पण आक्काताईंनी नुसतं बोट वर केलं. कोपऱ्याकडं, स्लॅबमध्ये पक्की रुतलेली, बोटभर जाडीची लोखंडी कडी.

"स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी आमी बायका वर चढलो. मिस्त्री म्हणाला, नकाशात न्हाय. म्हटलं, नकाशात लेकरू बी न्हाय, म्हणून ते व्हायचंच न्हाय व्हय? समद्या घरांत बसवून घेतल्या."

विहीणबाईंनी ऐकून घेतलं. "एक जुनं लुगडं द्या," म्हणाल्या. मला स्टुलावर चढवून लुगडं कडीतून ओवून घेतलं, खाली गाठ मारली, दोनदा हिसडा दिला, आणि म्हणाल्या, "मी बसतो." इकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. "तुटली तर माझ्या कमरेचं तुमच्याकडं, ईनबाई!"

आणि बसल्या की हो! दोन्ही पाय उचलून, झोळीत! आक्काताईंनी डोळे मिटले. कडी कुरकुरली. गाठ आवळली. विहीणबाई एकदा पुढं गेल्या, एकदा मागं आल्या, आणि पाय टेकून उठल्या.

"आता ठेवा चहा," म्हणाल्या. "साखर जास्ती टाका. सातवा लागला की लावून देतो."

आक्काताई चुलीकडं तोंड करून रडत होत्या आणि साखर टाकत होत्या. तो चहा इतका गोड झाला होता की पाक म्हणावा, पण मी दोन कप प्याले.

मग दिवसभर मी घरोघर मान वर करून फिरले. देवळातही मी कधी इतकी मान वर केली नसेल. एका कडीला पाळणा, एकीला झोपाळा, एकीला कांद्याची पोती, काही नुसत्याच, वाट बघत असलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पुरातून उठून आलेल्या बायकांनी स्लॅब पडायच्या आधीच पुढच्या लेकरांची सोय करून ठेवली होती. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले. संध्याकाळी शाहूपुरीत तांबडा-पांढरा रस्सा जेवले आणि यावेळी तिखटाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुण्याला येऊन बैठकीत हे सगळं सांगितलं. पुढच्या टप्प्याच्या नकाशात कडी आली आहे. तरी कुणीतरी विचारलंच, "पण यश मोजायचं कसं?"

श्रावणात एके दिवशी टीव्हीवर बघितलं, कोल्हापुरात नदी पात्राबाहेर पडली होती. फोन लावला, उचलला नाही. परत लावला. शेवटी आक्काताई बोलल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. मागं कडी कुरकुरत होती.

"आक्काताई, नदी कुठवर आली हो?"

"नदी व्हय?" त्या थबकल्या. "अगं बया! आज बघितलीच न्हाय बगा. सवड कुठाय? नात झालीया."