चुन्याच्या दगडांची हद्द

माझ्या ज्वारीला लागून खुल्या कारागृहाची शेती आहे. बंदिस्त तुरुंगात चांगली वर्तणूक ठेवलेले कैदी तेथे राबतात. मध्ये भिंत नाही, चुना फासलेल्या दगडांची नुसती ओळ आहे. त्या ओळीविरुद्ध मी अनेक पत्रे लिहिली आहेत.

एका सकाळी तुरुंगाचा बैल माझ्या ज्वारीत शिरला. त्याला राखणारा कैदी दगडांपाशीच थांबून, टोपी छातीशी धरून त्याला चुचकारत होता. बोलण्यावरून जामखेडकडचा वाटला.

"अहो, इकडे येऊन हाका त्याला," मी ओरडलो.

"न्हाई काका. ही हद्द वलांडली की मी पुन्हा भिंतीआड. पुढच्या म्हैन्यात पोरीचं लगीन हाय, रजा मागितली हाय."

"मी लेखी तक्रार करणार आहे."

"करा की. पर बैलाची करा, माजी नगं."

रागारागाने मीच बैल हाकून त्याच्या हाती दिला. त्याने बैलाच्या तोंडातले अर्धे कणीस काढले, सदऱ्याला पुसले आणि दगडांवरून हात लांबवून मला परत केले.

त्याच दिवशी मी अधीक्षकांना कळवले, की हद्द केवळ बैलाने ओलांडली, कैद्याने पाऊलही बाहेर टाकले नाही, याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. सबब त्याची रजा मंजूर व्हावी. बैलाविरुद्धची तक्रार मी स्वतंत्र अर्जाने केली.