खर्च ऐकून चालणारा घोडा

वडिलांचं, अण्णांचं, तेरावं झालं आणि चार दिवसांनी मी त्यांचा घोडा आणि टांगा चिंचणीला नेऊन विकायचं ठरवलं. गोष्ट साठच्या दशकातली. मी पालघरला एका कचेरीत कारकून होतो, पगार एकशे चाळीस. घोड्याचा, म्हणजे लाल्याचा, महिन्याचा खर्च असा: हरभरा चाळीस, गवत वीस, कोंडा आठ, नाल पाच. एकूण त्र्याहत्तर. उरलेल्यात आम्हा चौघांचं भागणं शक्य नव्हतं. चिंचणीचे टांगेवाले हरीभाऊ घोडा-टांगा साडेतीनशेला घ्यायला तयार होते, पण बाराच्या आत पोचलो तरच. नंतर ते डहाणूला दुसरा घोडा बघायला निघणार होते.

आज पालघर-बोईसर-चिंचणी गाडीने तासाभरात होतं. टांग्याने चार तास धरा, घोडा चालला तर.

सातला निघालो. नाक्यावर सातपाटीची जानकीबाय सुक्या बोंबलांची पाटी घेऊन न विचारताच चढून बसली. बोईसरच्या बाजाराला ती नेहमी अण्णांच्याच टांग्यातून जायची. वाटेत तिने सगळ्या सातपाटीची खबर सांगितली. उमरोळीजवळ तिने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि लाल्या थांबला. मी लगाम ओढला, उतरून ढकललं, हरभरे दाखवले. त्याने हरभरे खाल्ले आणि तिथेच उभा राहिला.

जानकीबायने शांतपणे तंबाखू थुंकली. “अरं, गप काय बसलास? तुजा बापूस याला म्हैन्याचा खर्च सांगत जायचा. तो गप झाला का हा उबा.”

मी मुळात कमी बोलणारा. अण्णा गेल्यावर माणसं भेटायला आली तेव्हाही नुसती मान हलवली होती. आता भर रस्त्यात घोड्याशी बोलायचं होतं. हळूच म्हटलं, “हरभरा चाळीस.” लाल्याचा एक कान मागे वळला.

“मोट्यानं बोल. रागानं.”

“गवत वीस! कोंडा आठ!”

लाल्या चालू लागला. चार बाबी कितीदा सांगणार? त्यात मी रॉकेल घातलं, घरभाडं घातलं, मुलांची फी घातली. बोईसरला अणुवीज केंद्राच्या कामावरचे ट्रक धुरळा उडवत होते. एक कामगार टांग्याबरोबर थोडा वेळ चालला, मग त्याने अदबीने विचारलं, “बाबूजी, घोड़े से कर्ज़ा लिया है क्या?”

स्टेशनाबाहेर भजी-पाव आणि चहा चार आण्यात मिळाला. भजी गरम होती. घसा बसला असेल तर चहा दोनदा घ्यावा.

जानकीबाय तिथे उतरली. भाड्याऐवजी मूठभर बोंबील माझ्या पिशवीत टाकत म्हणाली, “खर्च संपला का तुजा बापूस तुज्यावर यायचा. म्हनायचा, लाल्या, तू येवढं मागतोस. माजा पोरगा कदी कायच मागत नाय. त्याला काय द्यावं, मला कलत नाय.”

पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारात गेली.

पुढे मला रॉकेलसुद्धा आठवेना. तारापूरच्या अलीकडे लाल्या पुन्हा थांबला. मागे ट्रकचे भोंगे, घड्याळात सव्वाअकरा. काहीतरी बोलणं भाग होतं. मग म्हणालो, “मॅट्रिकला सायकल हवी होती.” लाल्या चालू लागला. “चामड्याचे बूट हवे होते. शाळेत न्यायला तुम्ही टांगा आणायचात, तेव्हा मला लाज वाटायची. पण पावसात आणला होतात तेव्हा बरं वाटलं होतं.” असं चिंचणीपर्यंत. इतकं मागणं साठलं होतं, मला माहीत नव्हतं. लाल्या दुडक्या चालीत होता.

बाराला पाच मिनिटं होती. हरीभाऊंनी खूर पाहिले, दात पाहिले, “चालतो ना?” म्हणाले. मी खरं ते सांगितलं: चालतो, पण सारखं बोलावं लागतं.

“मंग बरंच हाय,” ते म्हणाले. “मला घरात कोन बोलू देत नाय.”

नोटा खिशात ठेवून किनाऱ्यावर गेलो. तुमच्याकडे वेळ असेल तर ओहोटीला जा, वाळू घट्ट असते, लांब चालता येतं. मी दहा मिनिटंच बसलो. परत बोईसरपर्यंत एसटी, पुढे रेल्वे.

घरी पैसे हिच्या हातात दिले. एरवी मी हातपाय धुवायला गेलो असतो. त्या दिवशी ओट्यावर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती बोंबील निवडत ऐकत होती. साडेतीनशे रुपये कौलं आणि फीमध्ये वर्षभरात संपले. ते बोलणं मात्र अजून आठवतं.

सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “सायकलचं अण्णांना कधी सांगितलं होतंत का?”

“सांगितलं,” मी म्हणालो. “आज. तारापूरच्या अलीकडे.”