खालच्या वहिनींची जय्यत तयारी

संकटाची इतक्या प्रेमाने वाट पाहणारी बाई अख्ख्या जर्मनीत दुसरी सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. माहेरचं माणूस यायचं असावं तशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची नजर सारखी आभाळाकडे लागलेली असायची. ढग दाटून आले की त्यांचा चेहरा उजळायचा. वाऱ्याने खिडकी आपटली की हातातलं लाटणं टाकून त्या बाल्कनीत धावायच्या आणि मान वर करून मला हाक मारायच्या, "भावजी, बघितलंत का? आलं हं!" काय आलं ते बघायला मी चहा टाकून बाहेर यावं, तर चार थेंब पडून स्वच्छ ऊन पडलेलं. वहिनी मात्र जराही हिरमुसायच्या नाहीत. "असू दे, तेवढाच सराव झाला," म्हणत पुन्हा पोळ्यांकडे वळायच्या.

त्या माझ्या कुठल्याच नात्याने वहिनी नव्हेत. मी र्युसेल्सहाइममधल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो, तेव्हा पहिल्या मजल्यावर हे पुण्याचं कुटुंब निघालं. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि वहिनी पूर्ण वेळ सज्ज. मी अजून खोकी उघडत होतो तोच त्या थालीपिठांचा डबा घेऊन हजर झाल्या. पुण्यात कुठे, कुठल्या कॉलेजात, लग्न का नाही केलंत, यातलं एक अक्षर न विचारता म्हणाल्या, "भावजी, घरात पाणी किती आहे?" मी नळ सोडून दाखवला. त्या खुर्चीत टेकल्या, आणि वाईट बातमी हळूहळू सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "आणि हा बंद पडला तर?" त्याच आठवड्यात एश्बॉर्नच्या ऑफिसातून दमून आलेला मी पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट जिन्यातून वर चढवत होतो, आणि वहिनी कठड्याला टेकून "पाठीत वाकू नका, गुडघ्यात वाका!" म्हणून हुकूम सोडत होत्या. क्रेट पलंगाखाली गेले. त्यानंतर डाळी आल्या, मेणबत्त्या आल्या, हाताने फिरवायचा रेडिओ आला. वरच्या मजल्यावरच्या नर्सचीही तीच गत झाली होती, हे मला मागाहून कळलं.

त्यांचं जर्मन तर ऐकण्यासारखं होतं. भाषेच्या क्लासात जागा नव्हती, तेव्हा आपत्तीत घरात काय काय असावं हे सांगणारी एक सरकारी पुस्तिका त्यांच्या हाती लागली. फुकट होती, चित्रं होती. वहिनींनी तिलाच क्रमिक पुस्तक केलं. त्यामुळे बेकरीत अर्धा पाव मागायचा तर त्या बोटाने दाखवायच्या, पण वीज गेल्यावर फ्रिजमधलं काय आधी संपवावं हे व्याकरणाची एकही चूक न करता सांगायच्या. तळमजल्यावर हेर लांगे, म्हणजे श्रीयुत लांगे, हे वृद्ध गृहस्थ एकटे राहायचे. आदल्याच वर्षी त्यांची बायको गेली होती. त्यांनी जिन्यात सहज "आज हवा छान आहे, नाही?" म्हटलं, तर वहिनींनी गोड हसून विचारलं, "हो, पण आपल्या इमारतीला र्‍युकश्टाउक्लापे आहे का?" गटाराचं पाणी उलटं घरात घुसू नये म्हणून पाइपात बसवतात त्या झडपेचा हा शब्द. हेर लांगेंचं सगळं आयुष्य त्या इमारतीत गेलं होतं, तरी हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. झडप आहे की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या दिवसापासून हेर लांगे वहिनींना टोपी काढून अभिवादन करू लागले.

घरात तर 'समजा'चं राज्य होतं. "अहो, समजा आत्ता लाइट गेली," असं म्हणून वहिनी खरोखरच मेन स्विच बंद करायच्या. अहो फुटबॉलची मॅच बघत असायचे. काळ्या पडलेल्या पडद्याकडे एकदा बघून ते शांतपणे म्हणायचे, "समजलो." मग बाल्कनीत कॅम्पिंगच्या शेगडीवर पोहे व्हायचे आणि सगळ्यांनी हेडटॉर्च बांधून ते खायचे. "ममा, पाइनलिश!" मुलगी ओरडायची, म्हणजे आई, लाज आणतेस. "लाज वाटली तर वाटू दे, पोहे गरम आहेत ना?" वहिनी विचारायच्या, आणि पोहे गरम असायचे हे मलाही कबूल करावं लागतं.

सप्टेंबरात देशभर धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होते. सायरन वाजतात, प्रत्येक मोबाइल भयंकर किंचाळतो. इतर लोक त्या वेळी दचकतात आणि शिव्या घालतात. वहिनी साडी नेसायच्या! आम्हा सगळ्यांना नाश्त्याला बोलावणं असायचं. टेबलावर मधोमध सगळ्यांचे मोबाइल मांडलेले, भोवती बटाटेवडे. ती वेळ झाली आणि सगळे फोन एकदम कोकलले की वहिनी डोळे मिटून, मान डोलवत ऐकायच्या. "यंदा तुमचा जरा उशिरा वाजला, भावजी. सेटिंग बघून घ्या."

पण त्यांचा खरा जीव होता केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या त्यांच्या वाट्याच्या खोलीत. घर लहान, म्हणून सगळा साठा तिथे. पाहुण्यांना लोक लग्नाचा अल्बम दाखवतात, वहिनी केलर दाखवायच्या. निळ्या पिंपांत तांदूळ, डाळी, भाजणी. बरण्यांत लोणची, मेतकूट. पाणी, औषधं, घोंगड्या. "वहिनी," मी एकदा म्हणालो, "पाणी भरलं तर तळघरात पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला पढवलंत. मग साठा तळघरातच?" त्यांनी एका बरणीचं झाकण घट्ट केलं. "आल्झो, म्हणजे असं बघा," त्या म्हणाल्या, "सगळीच संकटं पाण्याची थोडीच असतात?"

आमचं मात्र नेमकं पाण्याचंच निघालं. जूनमधली एक भाजून काढणारी संध्याकाळ. फोन किंचाळले, पण या वेळी चाचणी नव्हती. वहिनी बाल्कनीत आल्या, त्यांच्या तोंडून "आलं!" निघतंय तोवर आभाळ फाटलं. रस्त्यावरची गटारं कारंज्यासारखी उडायला लागली, गारांनी गाड्या बडवल्या, आणि लाइट गेली. या वेळी मेन स्विचला कोणी हात लावला नव्हता. मी टॉर्च घेऊन खाली धावलो, तर वहिनी माझ्या पुढे जिना उतरत होत्या. "हेर लांगे!" त्या ओरडत होत्या. "हेर लांगे खाली गेलेत!"

केलरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हेर लांगे गुडघाभर पाण्यात उभे होते आणि आत शिरू पाहत होते. आत त्यांची दोन सीटची सायकल होती. बायकोबरोबर मायन नदीच्या काठाने ते तीच चालवायचे. "फक्त सायकल," ते म्हणत होते, "लगेच येतो, फक्त सायकल." वहिनींनी पाण्यात उडीच घेतली आणि त्यांचं मनगट धरलं. आणि मग ते जर्मन! कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. "बाहेरचं पाणी एकदम आत येतं. दार पाण्याने दाबलं की आतून उघडत नाही. कोणालाच उघडत नाही. तुम्ही वर चला, आत्ताच्या आत्ता!" आतून धाड धाड आवाज येत होता. वहिनींची निळी पिंपं तरंगून एकमेकांवर आपटत होती. माझ्या मागून अहो आले, पॅंट वर दुमडलेली. "अगं, तुझं सगळं सामान आहे आत," ते म्हणाले. मी त्यांना एवढं व्याकूळ कधी पाहिलं नव्हतं. "दोन पिंपं तरी काढतो."

"अहो, मरू दे ते सामान! आधी यांचा दुसरा हात धरा!"

आम्ही तिघांनी मिळून म्हाताऱ्यांना ओढलं. चार पायऱ्या चढलो असू, तोच आत खिडकी फुटल्याचा आवाज झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत केलरचं दार पाण्याच्या लोंढ्याने स्वतःहून धाडकन बंद झालं. अहोंनी वाकून ते ढकलून पाहिलं. भिंतीसारखं झालं होतं.

सगळी इमारत पहिल्या मजल्याच्या जिन्यात जमली. हेर लांगेंच्या घरातही पाणी शिरलं होतं, ते ओले, थंडीने कुडकुडत बसले होते. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की इमारतीत एकच घर असं आहे जिथे ना पाणी, ना मेणबत्ती, ना घोंगडी: वहिनींचं! मी धावत वर गेलो आणि पलंगाखालचे क्रेट ओढले. नर्सने घोंगड्या आणि औषधांची पेटी आणली, माझा रेडिओ बोलू लागला, तिच्या शेगडीवर माझ्या डाळीची आमटी झाली. वहिनींच्या मुलीने सगळ्यांना वाटी वाटी दिली आणि ती आईला एकदाही लाज आणतेस म्हणाली नाही. असं गमतीचं जेवण मी त्या देशात दुसरं जेवलो नाही. हेर लांगेंनी दोनदा आमटी मागून घेतली.

अग्निशमन दलाने दुसऱ्या दिवशी पाणी उपसलं. अंगणात चिखलाने माखलेली पिंपं, फुगलेला तांदूळ, फुटक्या बरण्या यांचा ढीग लागला. लोणच्याचा वास गल्लीभर सुटला होता. मी वहिनींना काहीतरी हसवणारं सांगावं म्हणून पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. समोर हेर लांगे अहोंना आपलं मनगट दाखवत होते. वहिनींच्या बांगड्यांचे लाल वळ त्यावर उठले होते, आणि ते मोठ्या कौतुकाने त्यांवरून बोट फिरवत होते.

वहिनींनी ते पाहिलं आणि मान वळवली. "भावजी, खरं सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मजा येईल."

लहान मुलाचा धरावा तसा आपला उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता. ऊन छान पडलं होतं. मी उठून ढिगातलं एक निळं पिंप ओढलं आणि त्याचा चिखल धुवायला घेतला.